हारितीची अर्धी गोष्ट

उंबरदऱ्यात लेकरू जन्मलं की घरच्या माणसांनंतर त्याला पहिले हात लागायचे ते छबुबाईचे. सव्वा महिन्याची बाळंतीण डोंगराच्या कड्यातल्या सटवाईपाशी यायची आणि पदराखालचं लेकरू छबुबाईच्या ओंजळीत द्यायची. छबुबाई ते सटवाईच्या मांडीवर टेकवायची, कपाळाला शेंदराचं बोट लावायची आणि परत देताना जरासा उशीर करायची. त्या उशिराबद्दल कुणी कधी बोललं नाही. छबुबाईला स्वतःचं लेकरू नव्हतं, तेव्हा घटकाभर तिनं दुसऱ्याचं उराशी धरलं तर बिघडलं कुठं, असं गावानं मुकाट्यानं मान्य केलं होतं.

सटवाईची जागा म्हणजे एक लेणं. पुढं दोन खांबांची पडवी, आत चौकोनी दालन, त्याच्या तिन्ही अंगांना अंधाऱ्या खोल्या आणि खोल्यांत दगडातच कोरलेले निजायचे ओटे. बाजूला पाण्याचं टाकं. शिरूर कासारच्या उन्हाळ्यात माणसाच्या डोळ्यातलं पाणी आटतं, पण ते टाकं आटत नाही. गावाच्या मते हे सगळं पांडवांनी एका रात्रीत खोदलं आणि कोंबडा आरवला म्हणून अर्धवट टाकून ते पळाले. आपल्याकडे डोंगरात चौकोनी भोक दिसलं की ते पांडवांचंच, आणि एका रात्रीतलंच. दिवसाउजेडी छिन्नी-हातोडा घेऊन आयुष्य घालवणारी माणसं याच मातीत होऊन गेली, हे आपल्याला पटतच नाही.

पडवीच्या डाव्या टोकाला कोनाडा होता, त्यात सटवाई. पिढ्यान्‌पिढ्यांच्या तेल-शेंदरानं तिचा नुसता तांबडा ढिगारा झाला होता. वर चांदीचे दोन डोळे चिकटवलेले, म्हणून तोंड कुठं ते कळायचं.

तेल-शेंदराचा मान छबुबाईच्या सासरकडे होता, पण तो तिच्या वाट्याला आला तो काही आनंदानं नाही. धोंडीरामशी लग्न झालं आणि अंगाची हळद उतरायच्या आत ती ऊसतोडीला गेली. नवरा-बायको मिळून मुकादम एक कोयता धरतो. तिथं माणसं मोजायची रीत नाही. तिसऱ्या हंगामात सोपान झाला, आणि पुढच्या हंगामात फडाच्या कडेला, पाचटाच्या झोपडीवजा कोपीत, सोपान तापानं गेला. दवाखान्यात न्यायला मुकादमानं सुट्टी दिली नाही. त्यानंतर छबुबाईचं अंगावरून जाणं थांबेना, तेव्हा एका डॉक्टरनं पिशवी काढून टाकायला सांगितलं. मुकादम म्हणाला, काढून टाक, म्हणजे पाळी न्हाई आन् कामाला खाडाबी न्हाई. पंचविशीच्या आत तिची पिशवी गेली. त्या भागात अशी बाई घरटी एक सापडेल, म्हणून कुणाला त्याचं नवल वाटलं नाही. मग धोंडीरामही गेला. सासू म्हणाली, "धाकटीला, बायडाबाईला, चार लेकरं हायत, तिला येळ न्हाई. तुला कोन हाय? तू सटवाईचं बघ."

सासूनं हे टोमण्यात म्हटलं होतं. छबुबाईनं ते वरदानासारखं पदरात घेतलं.

त्या दिवसापासून ती फडात गेली नाही आणि दुसऱ्याची लेकरंही जाऊ दिली नाहीत. दिवाळी झाली की ट्रॅक्टर गावात लागायचे, संसार ट्रॉलीत चढायचे आणि छबुबाई रस्त्यात उभी राहून लहान लहान लेकरं खाली उतरवायची. "ठिवा माज्यापशी. फडात लेकरू न्हेऊ नका," एवढंच तिचं म्हणणं. पहिल्यांदा लोक हसले, मग सवय झाली, मग तोच रिवाज झाला. चैत्रापर्यंत तिच्या ओसरीवर गावाची लेकरं. कुणाची नाकं पूस, कुणाला भाकरी कुस्करून दे, रात्री सगळ्यांना घोंगड्याखाली ओळीनं निजव. त्यांना सोडून सटवाईला जाता येईना, म्हणून मंगळवारी सगळी फौज घेऊनच ती डोंगर चढायची. लेकरं तिला छबूमाय म्हणत. गावातली निम्मी तरणी पोरं तिच्या हातची वाढलेली, आणि तिला दुसरं काही नको होतं.

दोन वर्षांपूर्वी शिमग्यानंतरच्या मंगळवारी ती तेल घालत होती, तेव्हा सटवाईचं शेंदराचं कवच सुटलं. आधी एक भेग पडली, मग थप्प करून सगळा तांबडा ढलपा चांदीच्या डोळ्यांसकट खाली आला. लेकरं किंचाळली. छबुबाईची पाचावर धारण बसली. देवीनं कवच सोडणं म्हणजे काहीतरी बोलणं, आणि काय बोलली ते कळायला गावात शहाणं माणूस एकही नव्हतं.

मग तिनं वर पाहिलं आणि तिथंच बसली.

एक बाई मांडी दुमडून बसली होती. भरलेलं अंग, कानात जड कुंडलं, केसांचा मोठा अंबाडा, ओठांच्या कोपऱ्यात जरासं हसू. नाकाचा शेंडा गेला होता, पण नजर खाली झुकलेली, डाव्या मांडीवर बसलेल्या लेकराकडे. ते लेकरू तिच्या गळ्यातली माळ मुठीत धरून ओढत होतं. खाली बैठकीवर पोरांची अख्खी रांग कोरलेली, समोर छडी घेतलेले मास्तर. पुढची दोन पोरं शहाण्यासारखी बसलेली आणि शेवटचं पोरगं मागं वळून शेजाऱ्याची शेंडी ओढत होतं. छबुबाईबरोबरच्या लेकरांनी ते आधी पाहिलं आणि भीती विसरून ती खिदळायला लागली. इतकी वर्षं जिच्या मांडीवर ती गावाची लेकरं टेकवत आली, तिथं आधीपासूनच एक लेकरू बसलेलं होतं, आणि छबुबाईला ते आज दिसलं. ती रडली, पण तिला वाईट वाटत नव्हतं.

गावात उरलेल्या म्हाताऱ्यांनी कवच वाजतगाजत नेऊन सिंदफणा नदीत सोडलं. रीतीप्रमाणे लगेच नवा शेंदूर चढवायला हवा होता. छबुबाई तो आणायला शिरूरला मन्मथप्पांच्या दुकानात गेली. मन्मथप्पा गळ्यात इष्टलिंग बाळगणारे, सटवाईला न मानणारे, पण शेंदूर विकायला त्यांची ना नव्हती. त्यांची मुलगी ईश्वरी छत्रपती संभाजीनगरला मूर्ती-लेण्यांचंच शिक्षण घेत होती आणि सुट्टीला आली होती. म्हातारीनं मूर्तीचं वर्णन केलं तशी ती गल्ल्यावरून उठलीच.

दुसऱ्या दिवशी ईश्वरीनं लेण्यातल्या खोल्या पाहिल्या आणि मूर्तीपुढं बसून पोरांची रांग न्याहाळली. मग म्हणाली, "मावशी, हे बौद्ध भिक्खूंचं घर. या खोल्यांत ते राहायचे, या ओट्यांवर निजायचे. पंधराशे वर्षं तरी झाली असतील. आणि ही हारिती."

"कोन हारिती?"

ईश्वरीनं सांगितलं. हारिती नावाची यक्षीण होती. तिला पाचशे लेकरं, पण ती दुसऱ्यांची लेकरं पळवून खायची. लोक बुद्धांकडे रडत गेले. बुद्धांनी तिचं सगळ्यात धाकटं, लाडकं लेकरू आपल्या भिक्षापात्राखाली झाकून ठेवलं. हारिती वेडीपिशी झाली, ऊर बडवत गावोगाव फिरली, शेवटी बुद्धांच्या पायाशी आली. ते म्हणाले, पाचशेतलं एक दिसेना तर तुझी ही गत, मग ज्यांचं एकुलतं एक तू खाल्लंस त्यांचं काय झालं असेल? तेव्हा तिला आपलं पाप कळलं. बुद्धांनी लेकरू परत दिलं. तिनं शपथ घेतली की यापुढं सगळ्यांच्या लेकरांची राखण मी करीन. मग तिनं विचारलं, आता मी खाऊ काय? बुद्ध म्हणाले, माझे भिक्खू रोज आपल्या ताटातला घास तुझ्यासाठी काढतील. "म्हणून विहाराच्या पडवीत हिची मूर्ती असायची, मावशी. लेकरू मांडीवर घेतलेली."

छबुबाईनं मूर्तीच्या मांडीवरच्या लेकरावरून हात फिरवला. मग म्हणाली, "एक गेलं तर कसं व्हतं, हे त्यानं तिला इचारलं?"

"हो."

"मला कुनी इचारलं न्हाई बग, माय."

त्या दिवसापासून म्हातारीला जणू पंख फुटले. आपली सटवाई कुणी साधीसुधी नाही, तिला नाव आहे, गोष्ट आहे, राजा-महाराजांच्या काळापासून ती लेकरं राखते आहे! आणि तिचं तोंड इतकं सुंदर असताना त्यावर पुन्हा शेंदूर थापायचा? गाव परत आल्यावर चैत्राच्या जत्रेत ही गोष्ट सगळ्यांना ऐकवायची आणि मूर्ती उघडी ठेवायची परवानगी घ्यायची, असं तिनं ठरवलं. ईश्वरी म्हणाली, "मी आधी ती लेकरांची राखणदारीण आहे हे सांगते, मग बाकीचं." छबुबाईनं ते उडवून लावलं. "अगं, कीर्तनात कसं असतं? आदी पाप, मग देवाची भेट, मग उद्धार. उलटं सांगितलं तर लोकाला गोडी लागत न्हाई. पयल्यापासून सांग." आयुष्यभर ज्या रीतीनं गोष्टी ऐकल्या त्याच रीतीनं ती सांगायला लावली, हीच तिची चूक. एवढ्याशा चुकीला एवढी शिक्षा मी तरी दुसरीकडं पाहिली नाही.

जत्रेच्या दिवशी पायथ्याशी मांडव, शेवग्याच्या झाडाला बांधलेला भोंगा आणि माईक. माईक गहिनीनाथच्या ताब्यात. हा ग्रामपंचायतीचा सदस्य. माईक हातात असला की त्याला भूक लागत नसे. ईश्वरी उभी राहिली. पोरगी बोलायची छान. हारिती लेकरं कशी पळवते, आया कशा आक्रोश करतात, हे तिनं असं रंगवलं की बायकांनी आपापली लेकरं जवळ ओढली. "घरोघर पाळणे रिकामे झाले," ती म्हणाली, "आणि लोक बुद्धांकडे..."

तेवढ्यात रस्त्यावर पांढऱ्या गाड्यांची रांग दिसली. गहिनीनाथनं तिच्या हातातून माईक ओढून घेतला. "ताई, दोन मिन्टं. दादा आले."

दादा म्हणजे विजयसिंह. दहा-बारा गावांचे पुढारी, शेती माजलगावच्या कालव्याखाली, जीव निवडणुकीत. फटाके वाजले. शाल आली, श्रीफळ आलं, फेटा आला. दादांचा सत्कार, दादांच्या बरोबरच्यांचा सत्कार, मग सत्कार करणाऱ्यांचा सत्कार. मग दादांचं भाषण. ते संपताच गहिनीनाथनं पुकारा केला की महाप्रसादाची पंगत बसते आहे, आणि सगळं गाव वरण-भाताकडे धावलं. ईश्वरी हातात टिपण घेऊन उभीच होती. छबुबाई माईकसाठी गहिनीनाथच्या मागं हिंडली. "आरं, गोष्ट अर्धी ऱ्हायली." तो म्हणाला, "ऱ्हाऊ दी की. पुढल्या जत्रंत सांगू."

अर्ध्या हळकुंडानं पिवळं व्हायला गावाला एक रात्र पुरली. आपण इतक्या पिढ्या लेकरं खाणारीच्या मांडीवर लेकरं देत होतो! पहिलं वाक्य बोलली ती बायडाबाई, छबुबाईची धाकटी जाऊ. चार लेकरांमुळे जो मान हुकला, तो आता लेकरं मोठी झाल्यावर तिला डाचत होता. ओढ्यावर धुणं आपटता आपटता ती म्हणाली, "मग बाईंचा सोपान कुटं गेला, आं? घरचाच घास पयला दिला म्हना की." हे बोलताना तिला लाज वाटली नाही, आणि ऐकणाऱ्या सातजणींपैकी एकीनंही तिचं तोंड धरलं नाही.

छबुबाई दारोदार फिरली. "अगं, पुढं आयक. बुद्धानं तिचं लेकरू झाकलं, मग तिला कळलं, मग ती राखनदारीन झाली." बायका हो हो म्हणत आणि लेकरू आत नेत. पुरुषांना तर ऐकायलाच वेळ नव्हता. पहिली अर्धी गोष्ट भोंग्यावरून आली होती, दुसरी अर्धी एका म्हातारीच्या तोंडून. गावाच्या हिशेबी भोंगा खरा.

आणि ज्येष्ठ महिन्यात वनमालाचं तान्हं गेलं.

ही वनमाला छबुबाईच्या ओसरीवरच वाढलेली. तिचं बाळ फडावरच्या कोपीत जन्मलं होतं, जन्मतःच काटकीएवढं, आणि जत्रेच्या आदल्या दिवशी छबुबाईनं ते मूर्तीच्या मांडीवर टेकवलं होतं. त्याला हगवण लागली आणि दोन दिवसांत ते गेलं. कावळा बसायला आणि फांदी तुटायला गाठ पडली. मयतीला छबुबाई गेली तर वनमाला तिच्याकडे बोट करून ओरडली, "हिला न्या इथून! हिनंच दिलं माजं लेकरू तिच्या तोंडात!"

छबुबाई परत फिरली. जिचं नाक पुसलं, जिला पहिली भाकरी कुस्करून भरवली, तिनं हे म्हणावं! ती घरी येऊन भिंतीला पाठ लावून बसली आणि त्या रात्री चूल पेटली नाही.

ईश्वरी धावत आली. देवळापुढं लोक जमवून तिनं सगळी गोष्ट पुन्हा, या खेपेला शेवटापासून, सांगितली. कुणी वाद घातला नाही. फक्त एक म्हातारा शांतपणे म्हणाला, "ताई, तुमी म्हंता ते खरं असंल. पन खात व्हती, हे तर खरं ना? सवय कुटं जाती का?" ईश्वरीनं सरकारी कचेरीत खेटे घातले. तिथं सांगितलं की ही जागा संरक्षित यादीत नाही, तेव्हा आम्ही काही करू शकत नाही.

विजयसिंह दादा मात्र करू शकत होते. लोकांचं मन ओळखण्यात त्यांचा हात कोण धरणार? ते येऊन म्हणाले, "घाबरायचं कशाला? आपण लेण्याचा जीर्णोद्धार करू. नवी संगमरवरी देवी बसवू." टाळ्या पडल्या. जुनी मूर्ती फोडायची का, यावर मात्र सगळे गप्प झाले. तिच्यावर विश्वास नव्हता, पण घण घालणाऱ्यावर तिचा कोप होईल याबद्दल कुणाला शंकाही नव्हती. शेवटी तोड निघाली: कोनाडा विटांनी बुजवायचा.

गवंडी आला तेव्हा छबुबाई आधीच तिथं बसलेली. ती आडवी पडली नाही, ओरडली नाही. विटा एकावर एक चढत गेल्या. आधी पोरांची रांग झाकली, मग मांडीवरचं लेकरू, मग माळ, मग ते हसू. प्लास्टरवर पांढऱ्या टाइल बसल्या. खांबांना गुलाबी आणि पोपटी ऑइलपेंट लागला, पंधराशे वर्षांच्या छिन्नीच्या खुणा त्याखाली गेल्या. दाराशी स्टीलचा कठडा आणि दादांच्या नावाचा फलक. निजायच्या ओट्यांवर सिमेंटची उरलेली पोती. नवरात्रात नवी देवी बसली, गुलाबी गालांची, मांडी रिकामी असलेली. पूजेचा मान बायडाबाईला मिळाला.

दिवाळी झाली. पहाटे ट्रॅक्टर लागले. छबुबाईनं सवयीनं ओसरी सारवली होती, घोंगडी उन्हात घातली होती. दिवस वर आला तरी एकही लेकरू आलं नाही. ती पारापाशी गेली आणि पाहते तर सगळ्या ट्रॉल्यांवर, गाठोड्यांच्या आणि पाण्याच्या पिंपांच्या मधोमध, लेकरं बसलेली. अंगावरची, रांगणारी, नुकती चालायला लागलेली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा उंबरदऱ्याची लेकरं फडावर निघाली होती.

ती रस्त्यात उभी राहिली. "माज्यापशी नका ठिवू," ती म्हणाली. "माजं तोंड बगू नका. बायडाबाईपशी ठिवा, कुन्या म्हातारीपशी ठिवा. पन फडात न्हेऊ नका गं. तिथं लेकरं मरत्यात."

बायडाबाई पाराच्या कट्ट्यावरून म्हणाली, "मला देवीचं सोडून येळ कुटं?"

वनमालाची तीन वर्षांची थोरली पोरगी ट्रॉलीवरून दोन्ही हात पसरून ओरडली, "छबूमाय!" वनमालानं तिला खस्सकन खाली ओढलं आणि पदराखाली झाकून टाकलं. ड्रायव्हरनं हॉर्न दिला. दोन माणसांनी म्हातारीला दंडाला धरून बाजूला केलं आणि ट्रॅक्टर गेले.

चैत्रात ते परत आले. वनमाला उतरली, तिचा नवरा उतरला, भांडी उतरली, कोयते उतरले. पोरगी उतरली नाही. पहाटेच्या अंधारात ती फडाच्या कडेला पाचटावर निजली होती आणि ऊस भरायला मागं येणाऱ्या गाडीला दिसली नव्हती.

त्याच दिवशी दुपारी ओढ्यावर बायका बोलत होत्या. म्हातारी जाताना रस्त्यात कशी आडवी आली, पोरगीकडं कशी बघत होती, आणि "लेकरं मरत्यात" असं तिच्याच तोंडून कसं निघालं, हे एकीनं दुसरीला सांगितलं. मग सगळ्यांचं ठरलं की पोरगी तिनंच खाल्ली.